जुन्या पिकअपचे शॉकअप कमी खर्चात स्वतः कसे बदलायचे

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, पुढच्या बाजूला टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, नाहीतर कॉइल स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम एवढंच की स्प्रिंग एकदा दबली की ती वरखाली नाचत राहते ते नाचणं थांबवायचं. आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह असतात, तेल त्यातून जबरदस्तीनं ढकललं जातं आणि त्या ओढाताणीत उडीचा सगळा जोर उष्णता होऊन बाहेर जातो, बस. त्यामुळे गाडी मागून बसलीय, एका बाजूला कललीय, हौद्यात चार पोती टाकली की बंपर जमिनीला लागायला बघतो, असं काही असेल तर नवीन शॉकअपनं ढिम्म फरक पडणार नाही, ते पाट्यांचं दुखणं आहे.

हे एवढ्या जोरात सांगतोय कारण मी स्वतः पहिल्यांदा माती खाल्लेली आहे. मागून खड्ड्यात खटखट आवाज यायचा, म्हटलं शॉकअप गेले, दोन नवे आणले, अख्खा रविवार गाडीखाली लोळून घालवला आणि सोमवारी पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज जसाच्या तसा. शेवटी बघितलं तर पाट्याच्या शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचा, बुश (पिनेभोवतीचं रबर) गेलेला, रबराची नुसती काळी भुकटी उरली होती आणि पिन लोखंडावर आपटत होती. शॉकअपच्या जोडीच्या पैशात असले कितीतरी बुश आले असते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. जुन्या गाडीत पैसे वाचवायचे म्हणजे स्वस्त पार्ट शोधायचा असं सगळ्यांना वाटतं, पण माझ्या मते निम्मे पैसे चुकीचा पार्ट बदलण्यात जातात आणि उरलेले बरोबर पार्ट चुकीचा आवळण्यात. या दोन्हीचं खाली नीट सांगतो, मधलं पाना फिरवायचं काम फार काही अवघड नाही.

तर शॉकअप गेलाय हे ओळखायचं कसं. ढोबळ हिशोब असा, खटखट म्हणजे बुश आणि नाचणं म्हणजे शॉकअप. शॉकअप गेलेली गाडी स्पीडब्रेकर उतरल्यावर दोन तीन वेळा डोलते, ब्रेक मारला की नाक जास्तच खाली जातं, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे वळणावर रस्ता खडबडीत असेल तर मागचा भाग तिरका तिरका बाहेर सरकतो, रिकामी पिकअप असेल तर हे फारच जाणवतं आणि ओल्या रस्त्यावर तर घाम फुटतो. टायरवरून हात फिरवून बघा, नक्षीवर एका आड एक उंचवटे आणि खळगे लागत असतील, म्हणजे टायर एका बाजूनं सरळ न झिजता वाट्या वाट्या पडल्यासारखा झिजला असेल, तर टायर रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारतोय असं समजायचं. चाकाचा बॅलन्स बिघडला तरी असं होतं त्यामुळे एवढ्यावरून लगेच निकाल देऊ नका.

कोपरा दाबून सोडायची टेस्ट सगळे करतात. छोट्या गाडीला ती चालते, पिकअपच्या मागच्या पाट्यांना दोन माणसं बंपरवर उभी राहिली तरी पाटा दाद देत नाही, तिथे त्या टेस्टचा काही उपयोग नाही. पुढच्या बाजूला करून बघा, दाबून सोडल्यावर गाडी वर येऊन तिथेच बसली तर ठीक, परत खाली जाऊन परत वर आली तर संशय घ्यायचा. मागच्यासाठी मला हाताची टेस्ट आवडते. खडबडीत रस्त्यावर आठ दहा किलोमीटर गाडी पळवा, सपाट जागी थांबवा, आणि चारही शॉकअपच्या अंगाला हलकेच बोट लावून बघा. काम करणारा शॉकअप कोमट किंवा चांगला गरम लागतो, कारण उडीची उष्णता त्याच्यात गेलेली असते. एक गरम आणि त्याच्या जोडीचा थंडगार, म्हणजे थंड असलेला नुसता लटकलाय, काम काही करत नाहीये. सायलेन्सर ज्या बाजूला आहे तिथला शॉकअप तसाही तापतो आणि सायलेन्सरला हात लागला तर चटका बसेल, तेवढं सांभाळा.

तेलाचं पण एक आहे. शॉकअपवर थोडा ओलसर थर आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली म्हणून लगेच घाबरायचं नाही, आतबाहेर होणाऱ्या दांडीबरोबर तेलाचा अगदी पातळ थर बाहेर येतच असतो. फडक्यानं स्वच्छ पुसा, आठवडाभर गाडी चालवा, परत बघा. खालपर्यंत ओघळ आला असेल किंवा थेंब लटकत असेल तर गेला, त्यात चर्चा नाही. त्याच वेळी खाली आहातच तर शॅकलचे बुश, शॉकअपच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल कड्यातले) रबरी बुश, अँटी रोल बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या लिंका, पाटे एक्सलला (चाकांच्या मधल्या आडव्या दांड्याला) बांधणारे यू-बोल्ट हे सगळं एका मोठ्या टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, हलवून बघा, आणि बंप स्टॉप जागेवर आहेत का तेही. बंप स्टॉप म्हणजे चासीला लावलेला तो रबराचा गोळा, जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा कधीच तुटून पडलेला असतो आणि कुणाचं लक्षही नसतं. तो नसला की मोठ्या खड्ड्यात शॉकअप आतून पूर्ण दबून तळाला आपटतो, मग कितीही भारी शॉकअप टाका, तो मरणारच. रबराचा गोळा आधी, शॉकअप नंतर.

आता खरेदी. जोडीनं घ्यायचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन, एकच कधी बदलायचा नाही कारण एक बाजू कडक आणि एक बाजू मेलेली म्हणजे ब्रेक मारताना आणि वळताना गाडी विचित्र वागते. चारही एकदम घेतले पाहिजेत असं मात्र काही नाही, पैसे नसतील तर जी जोडी जास्त खराब ती आधी, दुसरी दोन तीन महिन्यांनी, काही बिघडत नाही. भंगारातून काढलेले जुने शॉकअप घ्यायचा मोह होतो, घेऊ नका, बाहेरून चकचकीत रंग मारलेला असतो आणि आतली सील किती चाललीय ते कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या बाजूनं सगळ्यात महागडे घ्यायचीही गरज नाही. साध्या वापराला कमी दाबाचा गॅस भरलेला दोन नळ्यांचा शॉकअप पुरतो, म्हणजे ट्विन ट्यूब, त्यात साधारण १००-१५० पीएसआय नायट्रोजन असतो, त्या दाबामुळे तेलाला फेस लवकर येत नाही. नुसता तेलाचा, गॅस नसलेला, त्याहून स्वस्त पडतो पण सलग खराब रस्त्यावर तेलात हवा मिसळून फेस झाला की तो तात्पुरता ढिला पडतो. एका नळीचा मोनोट्यूब तापणं चांगलं सहन करतो, दाबही बराच जास्त असतो, पण महाग, आणि त्याच्या अंगाला दगडाचा एक पोचा पडला की आत पिस्टन अडकायला लागतो कारण बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी असते. रोज भरधाव कच्च्या रस्त्यावर पळवणार नसाल तर तो सोडून द्या.

हेवी ड्युटी लिहिलेलं बघून भुलू नका. गाडी वर्षातले तीनशे दिवस रिकामी फिरत असेल आणि तुम्ही जाड कडक शॉकअप टाकले तर कंबर तुमचीच जाणार. आणि रिकामी पिकअप मागून आपटते ती बऱ्याचदा शॉकअपमुळे नसतेच, पाटे मालासाठी बनवलेले असतात आणि टायरमध्ये हवा पण मालाच्या हिशोबानं भरलेली असते. दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतं, बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा हवेचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वाचा. फुकटचा इलाज आहे, आधी तो करून बघा मग खिशात हात घाला.

गाडीची उंची कंपनीतून आली तशीच असेल तर मॉडेल आणि वर्ष सांगून मिळेल तो शॉकअप बरोबर बसतो. पण जुन्या पिकअपला मागे कुणीतरी एखादा पाटा वाढवलेला असतो, मग लांबी मोजल्याशिवाय घ्यायचा नाही. मोजायचं असं, गाडी सपाट जागी चाकावर उभी, शॉकअपच्या वरच्या बोल्टाच्या मधोमधपासून खालच्या बोल्टाच्या मधोमधपर्यंत टेप लावा. समजा ४८० मिलिमीटर आलं. मग एक्सल आणि बंप स्टॉप यात किती जागा आहे ती मोजा, समजा ९०. म्हणजे सगळ्यात जास्त दबेल तेव्हा लांबी ३९० होणार, शिवाय रबराचा गोळाही थोडा दबतो, तर नवीन शॉकअप पूर्ण बंद केल्यावर ३९० पेक्षा चांगला दोनेक सेंटिमीटर तरी लहान पाहिजे. आणि पूर्ण उघडल्यावर ४८० च्या पुढे भरपूर लांब पाहिजे, कारण चाक खड्ड्यात खाली पडतं तेव्हा शॉकअप ताणला जातो. साधारण उभ्या गाडीत दांडी निम्म्याच्या आसपास बाहेर असली की बरं समजायचं. डोळ्याचं भोक, बुशची रुंदी, खाली सरळ बोल्ट आहे की आडवी दोन भोकांची पट्टी आहे, वर डोळा आहे की आट्यांची पिन आहे, हे सगळे फोटो मोबाईलमध्ये काढून दुकानात न्या, तोंडी सांगितलेलं तिथे पोचेपर्यंत बदलतं.

हत्यारं फार नाही लागत. रिंग पाने आणि गोट्यांचा सेट, एक लांब टॉमी, वायर ब्रश, हातोडा, वाइस ग्रिप, गंज सोडवायचा स्प्रे, जॅक, दोन चांगल्या घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड), चाकाला लावायला लाकडाचे ठोकळे, आणि डोळ्याला चष्मा. चष्म्याचं हसू नका, गाडीखाली उताणं झोपून गंजलेला बोल्ट ठोकताना सगळा गंज सरळ डोळ्यात येतो. टॉर्क रेंच असेल तर उत्तम, नसेल तर एका दिवसासाठी कुणाचा तरी मागून आणा, विकत घ्यायची गरज नाही.

आदल्या दिवशीचं काम सगळ्यात महत्त्वाचं. सगळे नट बोल्ट वायर ब्रशनं घासायचे, बाहेर आलेले आटे तर खास, कारण नट त्याच आट्यांवरून बाहेर येणार आहे, तिथे माती आणि गंज असेल तर नट अर्ध्यात अडकून बसतो. मग स्प्रे मारायचा, संध्याकाळी परत मारायचा, सकाळी परत. कामाच्या आधी पाच मिनिटं स्प्रे मारून उपयोग नाही, तेलाला आट्यांत झिरपायला वेळ लागतो.

मागची जोडी आधी करा, ती सोपी. आणि इथे मी बऱ्याच लोकांपेक्षा वेगळं करतो, गाडी उचलतच नाही. पिकअप आहे, खाली माणूस आरामात जातो, मग उचलायची कशाला. सपाट पक्की जमीन, गिअरमध्ये गाडी, हँडब्रेक, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि चाकं जमिनीवरच. वजन पाट्यांवर आहे त्यामुळे शॉकअप काढला तरी काहीच खाली येत नाही. याचे फायदे दोन, एक म्हणजे जॅकवरून गाडी पडायची भीतीच नाही, आणि दुसरा म्हणजे एक्सल त्याच्या रोजच्या उंचीला असतो, त्याचं महत्त्व आवळताना कळेल. फक्त जागा अगदीच कमी असेल किंवा स्टेपनी आड येत असेल तर स्टेपनी काढून ठेवा. उचलावीच लागली तर चासीखाली घोड्या लावूनच खाली जायचं, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठी पण नाही. आणि एक्सल लटकू द्यायचा नाही, त्याला खालून जॅकचा आधार द्यायचा, नाहीतर ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो आणि बऱ्याच जुन्या पिकअपना एक्सलपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी असते, माल किती आहे त्याप्रमाणे मागचा ब्रेक कमी जास्त करणारी, ती वाकते. ती वाकली की मागचे ब्रेक वेळेआधी जाम व्हायला लागतात नाहीतर लागतच नाहीत, आणि माणूस महिनाभर ब्रेकमध्ये दोष शोधत बसतो.

एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी नमुना म्हणून राहू द्या. काही गाड्यांत एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असतो, ते चुकून नाही, जोर लावल्यावर एक्सल पिळला जाऊन चाक थडथडतं ते थांबवायला तसं केलेलं असतं, तर तो ज्या बाजूला होता त्याच बाजूला लावा. वायसर कुठला कुठे, वाटीची बाजू वर की खाली, सगळ्याचा फोटो काढा. काढलेले नट वायसर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं एका तारेत ओवून ठेवायची मला सवय आहे, डब्यात टाकले की सगळे सारखेच दिसतात.

खालचा बोल्ट आधी सैल करा, मग वरचा. सुटला तर देवाचे आभार. नाही सुटला तर एकदम झटका मारू नका, आधी आवळायच्या दिशेनं किंचित जोर द्या, एक बारीकसा कट् आवाज येतो, तो गंजाचा सांधा तुटल्याचा, मग उलट फिरवा. पाव फेरा बाहेर, परत थोडा आत, स्प्रे, परत बाहेर. घाई केली की बोल्ट मोडतो, आणि चासीला आतून वेल्डिंग केलेला नट असेल आणि तो सुटून आतल्या आत फिरायला लागला तर मग वेल्डरला बोलवायचं काम झालं, सगळी बचत तिथेच गेली.

एक प्रकार हमखास होतो, नट निघतो पण बोल्टच बाहेर येत नाही. बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, बोल्ट त्या नळीला गंजानं चिकटून एकजीव झालेला असतो. तुम्ही बोल्ट फिरवता, तो फिरतोय असंही वाटतं, पण बघितलं तर अख्खी नळी रबरात फिरतीये आणि बोल्ट आहे तिथेच. अशा वेळी ठोकून ठोकून दमायचं नाही. तसाही शॉकअप फेकायचाच आहे, तर बुश आणि कंस (बोल्ट ज्यात बसतो ती लोखंडी पकड) यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूनं कापा, शॉकअप सरळ हातात येतो. माझा एकदा असा बोल्ट कापायला पाऊण तास लागला, उताण्या झोपून पातं ओढायचं, हात भरून येतात, पण मोडतोड काही नाही. ग्राइंडरनं दोन मिनिटांत होतं, मात्र आजूबाजूला ब्रेकची नळी, डिझेल पेट्रोलची पाईप, वायरिंग कुठून गेलंय ते आधी बघा, ओलं फडकं लावून झाका आणि शॉकअपच्या अंगाला ग्राइंडरचं चाक लागू देऊ नका. गॅसची शेगडी किंवा टॉर्च लावून बोल्ट तापवायचा सल्ला बरेच जण देतात, इथे अजिबात नाही, दाबाखालचा गॅस आणि तेल भरलेली बंद नळी तापवणं म्हणजे सरळ फटाका. आणि हो, कापायचा असेल तर त्या मापाचा नवीन बोल्ट आधीच आणून ठेवा, त्याच ताकदीचा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो तो बघून. कुठलाही मवाळ बोल्ट घालू नका.

जुना हातात आला की एक गंमत करून बघा, उभा धरून दाबा आणि ओढा. चांगला शॉकअप दोन्हीकडे सलग अडवत अडवत जातो, फक्त ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागतो, ते बरोबर आहे. मेलेला सायकलच्या फुटक्या पंपासारखा सटासट वरखाली होतो किंवा मध्येच एक दीड इंच काहीच लागत नाही आणि मग एकदम अडवतो. बुश झिजला म्हणून शॉकअप बदलायला निघाला होतात आणि हा अजून कडक निघाला, तर फक्त बुश बदलून परत बसवा, कुणी हसणार नाही.

नवीन बसवण्याआधी त्याला जागं करायचं. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडून राहिलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. गाडीवर बसतो तसाच उभा धरायचा, पूर्ण दाबायचा, पूर्ण उघडायचा, चार पाच वेळा, पहिल्या एक दोनदा खुळखुळ पोकळ लागेल मग जोर सारखा लागायला लागेल. हे न करता बसवला तर पहिले काही किलोमीटर आतून टकटक येते आणि लोक नवा पार्ट खराब निघाला म्हणून परत करायला जातात. गॅसवाला असेल तर त्याला पट्टी बांधून दाबून पाठवलेला असतो, ही पट्टी हौसेनं आधीच कापू नका, मी कापली होती, मग तो पूर्ण लांब झाला आणि गाडीखाली झोपून एका हातानं दाबत दुसऱ्या हातानं बोल्ट भोकात घालायची कसरत करत बसलो. वरचं टोक आधी हातानं बसवा, खालचं टोक जागेसमोर धरा, मग पट्टी कापा, तो स्वतःहून हळूहळू उघडत भोकासमोर येतो, त्या क्षणी बोल्ट सरकवायचा. तोंड बाजूला ठेवा.

बोल्टाच्या गुळगुळीत भागाला जरासं ग्रीस लावा, पुढच्या वेळी कापायला लागणार नाही. दांडीला मात्र कधीही पकड, वाइस ग्रिप काही लावायचं नाही, त्या चकाकत्या दांडीवर एक ओरखडा पडला तरी तो सील कापत राहतो आणि महिन्याभरात तेल बाहेर. जुन्याच्या दांडीला लावा हवं तसं, तो जाणारच आहे.

आता आवळणं. डोळ्याचा बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मध्ये रबर. बोल्ट आवळला की आतली नळी कंसात घट्ट पकडली जाते आणि त्यानंतर शॉकअप हलतो तेव्हा रबर पिळलं जातं, नळी फिरत नाही. म्हणजे तुम्ही ज्या स्थितीत आवळाल ती रबराची आरामाची स्थिती ठरते. गाडी उचलून एक्सल लटकत असताना आवळला तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहणार, उभ्या गाडीतही, रात्रंदिवस, आणि वर खड्डे. असे बुश काही महिन्यांत फाटतात आणि मग तीच खटखट. माझी मागची दुसरी जोडी अशीच गेली, शॉकअप ठणठणीत आणि बुशची चिंधी. म्हणून उचलूनच काम केलं असेल तर बोल्ट नुसते हातानं लावा, गाडी चाकावर उतरवा, दोनचारदा दाबून हलवा, आणि मग खाली जाऊन शेवटचं आवळा. चाकं जमिनीवर ठेवून काम केलं असेल तर हा प्रश्नच येत नाही, हाच तो दुसरा फायदा. किती आवळायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकड्यात असतं, तेवढंच.

पिनवाल्या टोकाचं वेगळं. तिथे वर खाली दोन रबरं, दोन वायसर आणि एक नट असतो, आणि मोठ्या ताकदीनं आवळला की रबर चेपून भाकरी होते. रबर फुगून वायसरच्या कडेइतकं आलं की थांबायचं, वायसरच्या बाहेर यायला लागलं तर जास्त झालं. नट आवळताना पूर्ण पिन फिरते, तिच्या टोकाला दोन बाजू चपट्या केलेल्या असतात तिथे छोटा पाना लावून धरा. बंदुकीनं, म्हणजे इम्पॅक्टनं, हा नट लावू नका, आत दांडी गरागरा फिरते आणि पिस्टनच सैल होऊ शकतो. जुना नट काढताना पिन फिरतच असेल आणि चपटी बाजू गंजून गोल झाली असेल तर तिथे वाइस ग्रिप बिनधास्त, नाहीतर नटच उभा कापून टाका. नायलॉनवाला लॉक नट एकदा काढला की परत वापरायचा नाही, नवा घ्या, बारकी गोष्ट आहे.

पुढची जोडी करण्याआधी वाकून एकदा नीट बघा. स्प्रिंग शॉकअपच्या भोवती गुंडाळलेली आहे आणि तिची खालची वाटी शॉकअपच्याच अंगावर बसलेली आहे, असं असेल तर इथेच थांबा. ती स्प्रिंग दाबलेली असते आणि वरचा मधला नट सोडला की ती सुटते, माणूस मरू शकतो, ही अतिशयोक्ती नाही. ते वर्कशॉपमध्ये स्प्रिंग दाबून धरायच्या कॉम्प्रेसरवर करून घ्या किंवा स्प्रिंगसकट जोडलेला तयार सेट मिळत असेल तर तो घ्या. जुन्या पिकअपना बहुतेक टॉर्शन बार नाहीतर पाटे असतात, शॉकअप एकटा सुटा असतो, मग घाबरायचं कारण नाही. कॉइल वेगळी चासी आणि खालच्या आर्ममध्ये बसलेली आणि शॉकअप तिच्या पोटातून गेलेला असा पण प्रकार असतो, तिथे शॉकअप खालून दोन बोल्ट काढून ओढता येतो, पण गाडी उचलली असेल तर खालच्या आर्मला (चाक धरून ठेवणाऱ्या आडव्या भुजेला) बॉल जॉइंटच्या, म्हणजे तिच्या चाकाकडच्या सांध्याच्या, जवळ जॅकचा आधार दिल्याशिवाय एकही बोल्ट हलवू नका.

पुढे हात पोचत नाही ही खरी अडचण. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की चाकाच्या मागून बरीच जागा होते, वरचा नट कधी इंजिनच्या बाजूनं मिळतो कधी चाकाच्या खळग्यातून. बाकी सगळं मागच्यासारखंच. आणि अशा सुट्या शॉकअपच्या गाडीत अलाइनमेंट बिघडत नाही, चाकाचा कोन ठरवण्यात शॉकअपचा हात नसतो, तेव्हा शॉकअप बदलले आता अलाइनमेंट करावंच लागेल असं कुणी म्हणालं तर शांतपणे नाही म्हणा. टायर एकाच बाजूनं झिजत असेल तर गोष्ट वेगळी.

झाल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, शॉकअप कुठे ब्रेकच्या होजला किंवा टायरला घासत नाही ना. मग हळू एक चक्कर, एखादा स्पीडब्रेकर, ब्रेक मारून. साधारण १०० किलोमीटर झाल्यावर परत खाली जाऊन सगळे नट तपासायचे, एखादा पाव फेरा घेतोच. वाट्या पडलेला टायर असेल तर त्याची घूं घूं नवीन शॉकअपनंतरही येत राहणार, टायरला पडलेला आकार एका दिवसात जात नाही, टायर पुढचा मागे, मागचा पुढे असे बदलून टाका आणि वाट बघा, शॉकअपला दोष देऊ नका. जुने शॉकअप भोक पाडून तेल काढायच्या नादाला लागू नका, गॅसवाल्यातून तेलाची पिचकारी डोळ्यात येते, तसेच्या तसे भंगारवाल्याकडे द्या आणि आत गॅस आहे एवढं त्याला सांगा.